‘आय फील लव्ह’: वाद्यवृंदाशिवायचं डिस्को कसं घडलं

१९७७ मध्ये अमेरिकेत गायिका डॉना समरची एक छोटी तबकडी बाजारात आली. तिच्या पहिल्या बाजूवर एक संथ प्रेमगीत होतं आणि कंपनीची सगळी भिस्त त्याच्यावर होती. ‘आय फील लव्ह’ होतं मागच्या बाजूवर. लोकांनी मागची बाजू उचलून धरली आणि शेवटी कंपनीनेच बाजूंची अदलाबदल केली. ब्रिटनमध्ये हे गाणं चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, अमेरिकेच्या मुख्य यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोचलं. पण याहून मोठी यशं डॉना समरच्याच नावावर आहेत. या गाण्याचं महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे.

या गाण्यात व्हायोलिन नाहीत, ट्रम्पेट नाहीत, गिटार नाही, पियानो नाही. एक बाईचा आवाज आणि ड्रमचा एक ठोका सोडला तर ऐकू येणारा प्रत्येक नाद विजेवर चालणाऱ्या एकाच यंत्रातून निघालेला आहे. आज क्लबमध्ये, जिममध्ये किंवा आपल्याकडच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीतून जे वाजतं, त्याचा सांगाडा बहुतेक वेळा हाच असतो. न थकता फिरणारी खर्जातली एक आकृती, प्रत्येक मात्रेवर पडणारा जड ठोका आणि त्यावर तरंगणारा आवाज. अशा प्रकारचं संगीत त्याआधी अगदी नव्हतंच असं नाही. पण इतक्या नेटक्या रूपात ते जगभरच्या सामान्य श्रोत्यांपर्यंत पोचलं ते या गाण्यातून.

‘यंत्राने केलेलं गाणं’ अशी याची ओळख करून दिली जाते. मला ती अपुरी वाटते. हे गाणं करताना यंत्र अक्षरशः दर अर्ध्या मिनिटाला दगा देत होतं आणि चार-पाच माणसांनी कमालीच्या चिकाटीने त्याला सुरात आणि तालात धरून ठेवलं. ती चिकाटी समजली की गाणंही वेगळं ऐकू येतं.

आधी डिस्को म्हणजे काय होतं ते पाहू. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यू यॉर्कमध्ये काही खासगी जागांत आणि क्लबांत रात्रभर तबकड्या लावून नाचण्याची प्रथा वाढली. तिथे येणारे बरेचसे कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी आणि समलिंगी तरुण होते. बाहेरच्या शहरात त्यांना मोकळेपणाने नाचायला जागा नव्हती. नाचणाऱ्याला ठेका तुटलेला नको असतो, म्हणून गाणी लांबत गेली. प्रत्येक मात्रेवर मोठ्या ड्रमचा ठोका, त्याच्या मधल्या जागेत झांजेची चकचक, वर व्हायोलिनांचा ताफा आणि ब्रासचे फटकारे, असा तो साचा होता. म्हणजे डिस्को मुळात खर्चिक संगीत होतं. वीस-तीस वादक स्टुडिओत बसवावे लागत, त्यांच्यासाठी स्वरलेखन करावं लागे.

डॉना समरचं मूळ नाव लाडॉना एड्रियन गेन्स. जन्म १९४८ च्या शेवटच्या दिवशी, बॉस्टनमध्ये. गळा चर्चमधल्या गाण्यावर तयार झालेला. एका संगीत नाटकाच्या जर्मन प्रयोगात काम करायला ती १९६८ मध्ये म्युनिकला गेली आणि तिथेच राहिली. हेल्मुट सोमर या ऑस्ट्रियन नटाशी तिचं लग्न झालं, आणि सोमरचं पुढे समर झालं. म्युनिकमध्येच तिची गाठ जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या जोडीशी पडली. मोरोडर उत्तर इटलीतल्या डोंगराळ, जर्मन बोलणाऱ्या भागातला, बेलॉट इंग्लंडमधला. दोघेही गाणी लिहायचे, निर्मिती करायचे. त्यांचा मुक्काम असे म्यूझिकलँड नावाच्या स्टुडिओत. तो एका उंच इमारतीच्या तळघरात होता आणि मोठमोठे ब्रिटिश रॉक बँडही तिथे रेकॉर्डिंगला येत.

तर इटालियन संगीतकार, इंग्रज गीतकार, अमेरिकी गायिका आणि जर्मन तंत्रज्ञ असा तो संच. १९७५ मध्ये त्यांनी केलेलं ‘लव्ह टू लव्ह यू बेबी’ अमेरिकेत गाजलं. तिच्या तबकड्या काढणाऱ्या कासाब्लांका कंपनीचा मालक नील बोगार्ट याने ते गाणं एका पार्टीत पुन्हापुन्हा लावलं आणि लांबवून द्या म्हणून सांगितलं. मग ते जवळजवळ सतरा मिनिटांचं झालं, एलपीची अख्खी एक बाजू. लांब गाण्याचं गणित या मंडळींना तेव्हाच कळलं होतं. क्लबमधल्या माणसाला गाण्याचा शेवट ऐकायची घाई नसते.

१९७७ च्या अल्बमची कल्पना बेलॉटची. प्रत्येक गाणं एकेका काळाच्या ढंगात करायचं: एक चाळीसच्या दशकातलं, एक पन्नासच्या, एक साठच्या, आणि शेवटी एक गाणं भविष्यातलं. अल्बमचं नाव ‘आय रिमेम्बर यस्टरडे’, म्हणजे सगळा भर आठवणींवर. शेवटच्या गाण्यासाठी मात्र आठवायला काही नव्हतं. भविष्याचा आवाज कसा असेल? मोरोडरचं उत्तर होतं, सिंथेसायझर. आणि तोही एखाद-दुसऱ्या सजावटीपुरता नाही, सगळंच त्याच्यावर.

सिंथेसायझर आता मोबाइलमध्येही मिळतो, त्यामुळे तेव्हाचं यंत्र कसं होतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं. लेखाचा हाच भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

अमेरिकेत रॉबर्ट मूग या अभियंत्याने १९६४ च्या सुमारास हे वाद्य घडवलं. मॉड्युलर मूग म्हणजे कपाटाएवढी पेटी, तिच्यात अनेक सुटे भाग, आणि ते भाग एकमेकांना जोडणाऱ्या लोंबत्या वायरींचं जंजाळ. प्रत्येक भागाचं काम वेगळं. ऑसिलेटर विजेचा नियमित कंप तयार करतो, तोच स्पीकरमधून नाद म्हणून ऐकू येतो. फिल्टर त्या नादातला खरखरीत, धारदार अंश कमी-जास्त करतो. फिल्टर मिटला की आवाज बोजड, मऊ होतो. उघडला की तो चमकदार आणि टोकदार होतो. आणखी एक भाग नाद किती झटकन सुरू व्हायचा आणि किती वेळात विरायचा ते ठरवतो. सुरांची पट्टी जोडायची ती केवळ सोयीसाठी. खरा स्वर ठरतो विजेच्या दाबावर. मूगच्या पद्धतीत दाब एक व्होल्टने वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. सप्तकात बारा स्वर, म्हणजे शेजारच्या स्वरापर्यंतचं अंतर व्होल्टच्या बाराव्या हिश्शाएवढं.

इथेच अडचण होती. इतक्या बारीक फरकावर स्वर अवलंबून असला की खोलीतलं तापमान जरा बदललं, यंत्र थोडं तापलं, तरी स्वर सरकतो. तंबोऱ्याची तार उतरते ती निदान मैफल थोडी रंगल्यावर. हे यंत्र अर्ध्या मिनिटात उतरायचं.

दुसरा महत्त्वाचा भाग सिक्वेन्सर. मूगच्या सिक्वेन्सरवर आठ खाने असतात आणि प्रत्येक खान्याखाली फिरवायची बटणं. बटण फिरवून त्या खान्याचा दाब, म्हणजेच स्वर, ठरवायचा. यंत्र सुरू केलं की ते पहिल्यापासून आठव्यापर्यंत जातं आणि पुन्हा पहिल्यावर येतं. थांबवेपर्यंत हेच चालू. वर कीबोर्डवरची पट्टी दाबून आणखी दाब मिळवला, की तीच आकृती जशीच्या तशी वरच्या किंवा खालच्या स्वरावर सरकते. चाल तीच, फक्त तिचा पाया हलतो.

तबल्याचं एकलवादन ऐकणाऱ्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. साथीला पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरलेला असतो. त्याने बदलायचं नसतं, तो बदलत नाही म्हणूनच तबलजी त्याच्यावर हवा तो खेळ करू शकतो आणि ऐकणाऱ्यालाही आपण कुठे आहोत ते कळत राहतं. ‘आय फील लव्ह’मध्ये लेहऱ्याचं काम सिक्वेन्सर करतो. फरक एवढाच की लेहरा धरणारा माणूस तबलजीकडे बघून श्वासाएवढी लवचीकता ठेवतो. यंत्राकडे ती नव्हती, आणि नेमकी हीच ताठरता या गाण्याला नवी वाटायला कारण झाली.

हे अवजड यंत्र म्युनिकमधले संगीतकार एबरहार्ड शोनर यांच्या मालकीचं होतं. त्याच्याबरोबर त्यांचा सहायक रॉबी वेडेल आला, कारण त्या वायरींचं गणित त्यालाच नीट माहीत होतं. आता प्रश्न असा की एका वेळी साधारण एकच नाद देणाऱ्या यंत्रातून अख्खं गाणं कसं उभं करायचं? उत्तर: थर लावायचे. रुंद टेपवर अनेक समांतर मार्ग असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. एका ट्रॅकवर खर्जाची आकृती घ्यायची, टेप मागे न्यायची, दुसऱ्या ट्रॅकवर वरचा स्वर घ्यायचा, मग तिसरा. पण दुसरा थर घेताना यंत्राची गती केसभर जरी वेगळी पडली, तरी चार आवर्तनांत दोन्ही थर एकमेकांपासून सुटणार. माणूस वाजवत असता तर ऐकून सावरून घेतलं असतं. यंत्राला ऐकू येत नाही.

वेडेलने तोडगा काढला. टेपच्या एका ट्रॅकवर त्याने नुसता नियमित स्पंदाचा संकेत नोंदवला. पुढच्या प्रत्येक थराच्या वेळी टेपवरचा हा संकेत सिक्वेन्सरला चालवायचा. मग यंत्राची गती यंत्राच्या मर्जीवर राहत नाही, टेपवर राहते, आणि शंभर थर लावले तरी सगळे एकाच जागी बसतात. मोरोडर आणि बेलॉट, दोघांनाही हे होऊ शकतं याची कल्पना नव्हती. बेलॉटने पुढे अनेकदा या श्रेयाचा मानकरी म्हणून वेडेलचं नाव घेतलं आहे. आजच्या प्रत्येक संगीत सॉफ्टवेअरमध्ये सगळे ट्रॅक आपोआप एका घड्याळावर चालतात. ती सोय तेव्हा हाताने, वायरी जोडून करावी लागली.

गती सुटली तरी सुराचा प्रश्न होताच. वीस-तीस सेकंद रेकॉर्ड करायचं, यंत्र उतरलं की थांबायचं, पुन्हा सुरात आणायचं, टेप थोडी मागे न्यायची, पुढचा तुकडा जोडायचा. पावणेसहा-सहा मिनिटांच्या गाण्यात थरामागून थर असेच घेतले. ऐकताना जो अखंड, न थकणारा प्रवाह वाटतो, तो प्रत्यक्षात शेकडो थांब्यांचा जोडलेला पट आहे.

त्या प्रवाहात आणखी एक युक्ती आहे, आणि ती हेडफोन लावल्याशिवाय कळत नाही. खर्जाची आकृती डाव्या बाजूला ठेवली आहे. तिचीच प्रत सेकंदाच्या अगदी छोट्या अंशाने उशिरा उजव्या बाजूला येते. दोन्ही कान मिळून ऐकतात तेव्हा स्वरांची दाटी दुप्पट होते. सिक्वेन्सरने दोन ठोक्यांमध्ये सोडलेली जागा प्रतिध्वनी भरतो, आणि आकृती जागच्या जागी थरथरत, लुकलुकत असल्याचा भास होतो. एका बाजूचा हेडफोन काढून पाहा, मग दुसऱ्या बाजूचा. अर्ध्या गाण्याची जादू नाहीशी होते. ही करामत साधताना ध्वनिमुद्रक युर्गेन कॉपर्सचा हात आणि कान किती पक्का असला पाहिजे, याची कल्पना त्या वेळी येते.

झांज आणि टाळीसारखे नादसुद्धा मूगचेच. रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की जो सूंऽऽ आवाज येतो, त्यात सगळ्या कंपनसंख्या एकदम असतात. हा आवाज अगदी थोड्या क्षणापुरता उघडून लगेच बंद केला की झांजेवर काठी पडल्यासारखा ‘च्चक’ ऐकू येतो. थोडा जास्त वेळ उघडा ठेवला की स्नेअर ड्रमसारखा.

मोठ्या ड्रमचा ठोका मात्र यंत्राला जमेना. मूगमधून निघालेल्या ठोक्यात छातीवर बसणारा दणका नव्हता. तेव्हा कीथ फोर्सी या इंग्रज ड्रमरला बोलावलं. सगळा ड्रमसेट वाजवायचा नव्हता, फक्त पायाने मोठा ड्रम. प्रत्येक मात्रेवर एक, गाणं संपेपर्यंत, यंत्राच्या बरोबर, एक तसूही मागेपुढे न होता. हातांना काही काम नाही आणि चुकायला जागाही नाही. कसलेल्या वादकाला हे किती अवघड जातं ते वादकच सांगू शकतील. भविष्याच्या या गाण्याचा पाया शेवटी एका माणसाच्या पायावर उभा आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. हाच फोर्सी पुढे मोठा निर्माता झाला आणि १९८४ मध्ये मोरोडरबरोबर एका चित्रपटगीतासाठी ऑस्करचा मानकरीही ठरला.

आता आवाज. गीत बेलॉट आणि समर यांनी मिळून लिहिलं. ज्या संध्याकाळी हे काम करायचं होतं, त्या संध्याकाळी डॉना फोनवर आपल्या ज्योतिषीबाईंशी बोलत होती. प्रेमात निर्णय घ्यायचा होता, पत्रिका जुळवून पाहणं चाललं होतं, आणि बेलॉट खाली थांबला होता, असं त्यानेच नंतर सांगितलं. तोवर त्याने बरेच शब्द लिहून ठेवले. शब्दही किती थोडे! एक लहानसं वाक्य घ्यायचं आणि पाच वेळा म्हणायचं, मग दुसरं घ्यायचं. कथा नाही, वर्णन नाही.

चर्चमध्ये घडलेला तिचा गळा मोठा, भरदार होता. जोर लावला असता तर तिने यंत्रावर सहज मात केली असती. तिने तसं केलं नाही. वरच्या सप्तकात, पातळ, जवळजवळ श्वासासारख्या आवाजात ती गाते. शब्दांची अक्षरं लांबवते, आकृतीच्या कडक खान्यांवरून घरंगळत जाते. खाली सगळं चौकोनी आणि मोजलेलं असताना वर असा वाहता आवाज आला की दोन्हींचा ताण ऐकणाऱ्याच्या अंगात उतरतो. त्याच वर्षी जर्मनीतल्याच क्राफ्टवेर्क या बँडचं सुंदर यांत्रिक संगीत गाजत होतं. पण त्यांनी माणसाचा आवाजही जाणूनबुजून यंत्रासारखा ठेवला होता. समरने उलट केलं, आणि म्हणून हे गाणं नाचणाऱ्यांचं झालं. समरकडे नुसती गायिका म्हणून पाहणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तिच्या जागी दुसऱ्या कुणाचा आवाज कल्पून पाहा. उरेल तो एक छान प्रयोग.

गाणं बाहेर पडलं तेव्हा रॉक गायक डेव्हिड बोवी आणि संगीतकार ब्रायन ईनो बर्लिनमध्ये काम करत होते. ईनो धावत आला, भविष्याचा आवाज सापडला म्हणाला, आणि पुढची पंधरा वर्षं क्लबमधलं संगीत या एका तबकडीने बदलणार असं भाकीत केलं, ही आठवण बोवीने सांगितली आहे. त्याने पुढे असंही म्हटलं की ईनोचं बोलणं जवळपास खरं ठरलं. मला तर पंधरा हा आकडा फारच कमी वाटतो.

पहिली मोठी लाट सॅन फ्रान्सिस्कोतून उठली. पॅट्रिक काउली नावाच्या तरुण संगीतकाराने १९७८ मध्ये गाण्याचे तुकडे परत परत जोडून, मध्ये स्वतःचे सिंथेसायझरचे थर घालून पावणेसोळा मिनिटांचं रूप तयार केलं. कुणाची परवानगी नव्हती. डीजेंच्या हातोहात ते फिरत राहिलं आणि १९८२ मध्ये अधिकृतपणे विक्रीला आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काउलीचं एड्सने निधन झालं, त्या आजाराला जेमतेम नाव मिळालं होतं तेव्हा. सिल्व्हेस्टर या गायकाबरोबर त्याने केलेली वेगवान, चमचमती गाणी आणि हे लांबवलेलं ‘आय फील लव्ह’ यांतून ‘हाय-एनर्जी’ नावाची नवी शैली निघाली. समलिंगी तरुणांच्या क्लबांनी हे गाणं आपलं मानलं, ते आजतागायत. १९८५ मध्ये ब्रॉन्स्की बीट हा बँड आणि गायक मार्क आमंड यांनी ते ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या तिनांत नेलं.

रॉकवाल्यांनाही ते टाळता आलं नाही. ब्लाँडी या बँडने १९७८ मध्ये न्यू यॉर्कच्या एका पंक क्लबात ते गायलं. पंक आणि डिस्को यांचं वैर ऐन भरात असताना हे धाडस होतं. स्पार्क्स या बँडमधल्या दोघा भावांनी थेट मोरोडरलाच गाठून अल्बम करून घेतला. १९८३ मध्ये आलेल्या न्यू ऑर्डर या बँडच्या ‘ब्लू मंडे’ गाण्याचा ड्रमचा नमुना मोरोडर आणि समर यांच्याच दुसऱ्या एका गाण्यावरून सुचलेला होता.

मग १२ जुलै १९७९. शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत एका रेडिओ निवेदकाने लोकांनी आणलेल्या डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले, मैदानाची पार दुर्दशा झाली, आणि दुसरा सामना यजमान संघाला सोडून द्यावा लागला. त्या रागात नुसती संगीताची नावड नव्हती. हे संगीत ज्यांचं होतं, त्या कृष्णवर्णीय आणि समलिंगी लोकांबद्दलचा तिरस्कारही त्यात मिसळलेला होता. मोठ्या कंपन्यांनी लवकरच डिस्कोतून हात काढून घेतला.

आणि तरी पुढचा अध्याय त्याच शिकागोत लिहिला गेला. तिथल्या वेअरहाउस क्लबात फ्रँकी नकल्स हा डीजे डिस्कोच्याच तबकड्या ड्रम मशीनच्या, म्हणजे ताल देणाऱ्या यंत्राच्या, जोडीने वाजवत राहिला. क्लबच्या नावावरून त्या संगीताला हाउस म्हणू लागले. शेजारच्या डेट्रॉइटमध्ये हुआन अॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉंडरसन यांनी टेक्नो घडवलं. आता मोरोडरसारखा स्टुडिओ आणि कपाटाएवढं यंत्र लागत नव्हतं. जपानी रोलँड कंपनीच्या लहान पेट्या सेकंडहँड मिळायच्या, ताल आणि खर्जाची आकृती त्यांच्यातच साठवता यायची. म्युनिकच्या तळघरात जे पाच माणसांनी रक्त आटवून केलं, ते आता एक मुलगा आपल्या खोलीत करू शकत होता.

त्याच पेट्या मुंबईतही पोचल्या होत्या, आणि ही हकिगत आपल्याकडे अजून म्हणावी तितकी माहीत नाही. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे मुंबईकर वादक. १९८० च्या ‘कुर्बानी’पासून हिंदी सिनेमात डिस्कोची लाट आलेली होती. सगळे तेच करताहेत तर आपण काहीतरी वेगळं करावं, या विचाराने त्यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रं जोडली: ताल देणारं टीआर-८०८, खर्जाची आकृती फिरवणारं टीबी-३०३ आणि वर राग वाजवायला ज्युपिटर-८. यमन, ललत, भूपाळी, मधुवंती, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर. एचएमव्हीने तबकडी काढली, ती फारशी खपली नाही आणि विसरली गेली. २०१० मध्ये ती युरोपात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चकित झाले. शिकागोत १९८७ मध्ये ‘अॅसिड हाउस’ म्हणून जो आवाज प्रसिद्ध झाला, तो याच टीबी-३०३ मधून निघाला होता, आणि मुंबईच्या या वादकाने तो पाच वर्षं आधी वापरलेला होता. मला यात आश्चर्य वाटत नाही. न बदलणाऱ्या आधारावर राग हळूहळू उलगडायचा, हे आपल्या वादकाला कुणी शिकवावं लागत नाही. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले, पण त्याआधी परदेशातल्या रंगमंचांवर त्यांना हे संगीत पुन्हा वाजवता आलं.

गोव्याचा धागाही खरा आहे. हणजुणच्या किनाऱ्यावर सत्तरच्या दशकात हिप्पी मंडळी रॉक ऐकत नाचायची. ऐंशीच्या दशकात लॉराँ आणि गोवा गिल यांच्यासारख्या डीजेंनी तिथे युरोपातलं इलेक्ट्रॉनिक संगीत आणलं. गाण्यातला आवाजाचा भाग कापून, फक्त वाद्यांचे तुकडे टेपवर एकामागे एक जोडून ते रात्रभर वाजवत. उष्णतेत तबकड्या वाकायच्या, त्यामुळे टेप सोयीच्या. यातूनच नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स नावाची शैली जगभर गेली. तिच्यातली दाट, भरभर फिरणारी खर्जाची आकृती ऐका, म्हणजे १९७७ चं नातं लगेच ओळखू येईल. समरचा आवाज मात्र त्या प्रवासात गळून पडला, आणि त्याची उणीव मला दर वेळी जाणवते.

डॉना समरचं १७ मे २०१२ रोजी निधन झालं. त्याच महिन्यात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत ‘आय फील लव्ह’चा समावेश जाहीर केला. २०२२ मध्ये अमेरिकी गायिका बियॉन्सेने आपल्या ‘रेनेसाँस’ अल्बमचं शेवटचं गाणं याच चालीवर बांधलं आणि गीतकारांत समर, मोरोडर आणि बेलॉट या तिघांची नावं दिली. ते योग्यच झालं. रॉबी वेडेलचं नाव अशा यादीत येऊ शकत नाही, कारण टेप आणि यंत्र यांची गती जुळवण्याला कायद्याच्या दृष्टीने गीतलेखन म्हणत नाहीत. फोर्सीच्या पायालाही नाही, कॉपर्सच्या डाव्या-उजव्या कानालाही नाही. या तिघांची नावं निदान गाणं ऐकणाऱ्यांना तरी माहीत असावीत, म्हणून ती इथे पुन्हा लिहिली.